गोंगाटात ऐकणारी जाऊ

माझ्या थोरल्या जावेला ऐकू येत नसे, आणि मला तिचा हेवा वाटत असे. ही दोन वाक्यं शेजारी शेजारी लिहिली की वाचणाऱ्याला मी वेडी वाटेन. वाटू दे. हेवा करायला शहाणपण लागतं असं कुणी सांगितलं?

मी लग्न होऊन नाशकात आले ते एकोणीसशे चौतीस-पस्तीसच्या सुमारास. माहेर कळवणचं. घरामागे शेत, पुढे रस्ता, आणि रस्त्यावरून दिवसभरात जेमतेम चार-सहा गाड्या. मी चुलीपाशी बसून सांगायची, कुणाची बैलगाडी येतेय आणि तिच्या चाकाला वंगण हवंय की नको. माझे कान तिखट. आलेल्या पाहुण्यांपुढे वडील हे कौतुकाने सांगत, आणि कौतुकाचं तेवढंच एक कलम माझ्या वाट्याला होतं. रूप बेताचं, भाकरी जाड, हस्ताक्षर गिचमिड. त्यामुळे कानांवर माझा भारी जीव.

असे कान घेऊन मी येऊन पडले तांबट आळीत. खाली कारखाना, वर आम्ही राहायला. सकाळी सातला हातोडे सुरू होत ते दिवेलागणीला थांबत, मधे दुपारच्या जेवणापुरती उसंत. भांडं घडून झालं की त्यावर हातोड्याचे सारखे ठोके देत जायचं, म्हणजे पत्रा घट्ट होतो आणि अंगावर बारीक टिकल्या उठतात. याला मठारणं म्हणतात. आठ माणसं एका वेळी मठारत असली की वरच्या माळ्यावर फळीवरच्या वाट्या नाचत. पहिला महिनाभर मी कानांत कापूस घालून वावरले. सासूबाई हसून म्हणाल्या, "कळवणची राणी आलीय." मला ते झोंबलं.

जाऊबाई माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या, सिन्नरच्या. पहिल्या मुलीच्या बाळंतपणानंतर त्यांना कमी ऐकू येऊ लागलं होतं. वैद्यांनी कानात तेल घातलं, लसणाची धुरी दिली, उपयोग शून्य. वर घरात त्यांना हाक मारली तर वळत नसत. दूध उतू जाई, दाराची कडी वाजे, त्या आपल्या निवांत. मग सासूबाई मला म्हणत, "तू ऊठ गं, तिला कुठलं ऐकू येतंय." दिवसातून वीस वेळा मी उठायची. कान चांगले असल्याची ही शिक्षा आहे, असं मला वाटू लागलं.

पण एवढ्यावर हेवा झाला नसता, नुसती चिडचिड झाली असती. हेव्याचं खरं कारण होतं खालचा पाट.

कारखान्याच्या दाराशी, भिंतीला लागून, एक पाट मांडलेला असे. त्यावर बसून जाऊबाई तयार भांडी तपासत. आमच्या घरातल्या बायका भांडी चिंच-मीठ लावून उजळत, ते मागच्या अंगणात. कारखान्यात बाईने बसायचं नाही. फक्त जाऊबाई बसत. त्याचं असं झालं होतं, की एकदा त्या नवी घागर उचलून नेत होत्या. घागरीची कड कानामागच्या हाडाला टेकली, बोटातली अंगठी घागरीवर वाजली, आणि त्या थांबून म्हणाल्या, "हिला चीर आहे." मामंजींनी ती घागर स्वतः वाजवून पास केली होती. पाणी भरून पाहिलं तर सांध्यातून बारीक पाझर. चाळीस वर्षांच्या ठोक्यांनी मामंजींचे कान बधिर झाले होते, भांड्याचा बारीक नाद त्यांना लागत नसे. ते त्यांनाही ठाऊक होतं, पण कबूल कोण करणार? त्यांनी दुसऱ्या दिवशी पाट मांडला आणि म्हणाले, "थोरले, तू इथं बसत जा."

तेव्हापासून त्या भांड्याची कड कानामागे टेकवत, बोटाच्या पेराने टकोरा मारत, आणि मान हलवत. होकार किंवा नकार. त्यांच्या नकाराला थोरले भाऊजीही काही म्हणत नसत. चीर सापडलेलं भांडं निमूट परत भट्टीवर जाई. नदीवर आलेले यात्रेकरू गंगेचं, म्हणजे आमच्या गोदावरीचं, पाणी भरून न्यायला आमच्याकडचे बंद तोंडाचे गडू घेत. तो गडू काशीपर्यंत किंवा रामेश्वरपर्यंत जायचा, वाटेत पाझरला तर घराण्याची अब्रू गेली. ती अब्रू एका बहिऱ्या बाईच्या मानेवर होती, आणि तिखट कानांची मी मागे चिंच चोळत बसले होते. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

एकदा धीर करून मामंजींना म्हटलं, "मला बघू द्या ना एक भांडं. माझे कान चांगले आहेत."

"हातोडे थांबवावे लागतील तुझ्यासाठी," ते म्हणाले. "तिला नाही लागत थांबवायला."

हे उत्तर मला दिवसभर खात राहिलं. आठ हातोड्यांच्या दणदणाटात हिला ऐकू येतं, आणि हातोडे थांबल्यावर वरच्या शांत खोलीत येत नाही? मग मी पाळत ठेवू लागले. खरंच सांगते, नवीन नवरीने जे दिवस नवऱ्याच्या मागेपुढे करण्यात घालवावेत ते मी जावेच्या मागेपुढे करण्यात घालवले.

जे दिसलं त्याने मला आनंदच झाला. दुपारी हातोडे बंद असताना मी मागून हाक मारी, त्या वळत नसत. खाली मठार चालू असताना मामंजी काही बोलत, आणि त्या चटकन उत्तर देत. घरातल्यांना वाटे, ओठांवरून ओळखते. पण मी दोनदा पाहिलं, की मामंजींची पाठ होती तरी त्यांनी उत्तर दिलं. शिवाय त्या बोलत अगदी हळू. आमच्या कळवणला एक बहिरे आजोबा होते, ते बोलले की शेजारचा कुत्रा उठायचा. बहिरी माणसं ओरडून बोलतात, हे कुणीही सांगेल. ही बाई कुजबुजल्यासारखी बोलते, म्हणजे हिला स्वतःचा आवाज नीट ऐकू येतो. म्हणजे सोंग. वरची कामं टाळायची आणि खाली मानाने बसायचं. मला सगळं लख्ख दिसलं, आणि हेव्याने एकदा डोळे तयार केले की ते किती लख्ख बघतात हे मी आजही विसरलेले नाही.

एका सकाळी मी सासूबाईंना कारखान्याच्या दाराशी आणलं. थोरले भाऊजी मठारत होते, मामंजी बंबाचा सांधा बघत होते. मी जाऊबाईंच्या पाठीमागे दोन हातांवर उभी राहिले आणि सगळे जेवढ्या आवाजात बोलत तेवढ्याच आवाजात म्हणाले, "जाऊबाई, तुमचे भाऊ आलेत सिन्नरहून."

त्यांनी हातातला गडू खाली ठेवला. वळल्या तेव्हा चेहरा असा उजळला होता की मी क्षणभर नजर फिरवली. पदर सारखा करत त्या दाराकडे गेल्या, आळीत डावीउजवीकडे पाहिलं. भाऊ कुठे असणार? मग त्या परत वळल्या आणि त्यांना आम्ही तिघं-चौघं त्यांच्याकडे बघताना दिसलो.

"बघितलंत?" मी म्हटलं.

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, वर्षभर आम्हाला नाचवलंस! गोंगाटात ऐकू येतं आणि गुपचूप असलं की येत नाही, असं कुठं असतं का?" थोरले भाऊजी हातोडा घेऊन पुन्हा बसले आणि त्या दिवशी त्यांनी एक तपेलं ठोकून वाकडं केलं. मामंजी म्हणाले, "जी स्वतःच्या कानाबद्दल खोटं सांगते, ती भांड्याबद्दल खरं कशावरून सांगेल?" आणि पाट मला मिळाला.

जाऊबाईंनी एकदाच म्हटलं, "मला नाही कळत असं का होतं. खाली येतं, वर नाही येत." हे इतक्या हळू, की सासूबाई म्हणाल्या, "बघा, आताही कसं नाटक चाललंय."

पाटावर बसले त्या दिवशी मी हिरवं लुगडं नेसले होते. दिमाख तासाभरात उतरला. भांडं कानामागे टेकवून टकोरा मारला तर मला फक्त ठोके ऐकू येत. माझे तिखट कान सगळंच घेत, आठही हातोडे, भट्टीचा भाता, आळीतली हातगाडी. भांड्याचा नाद त्यात बुडून जाई. मी हात वर करून हातोडे थांबवायला सांगे. पहिल्या दिवशी सगळे हसून थांबले. चौथ्या दिवशी मामंजी म्हणाले, "असं थांबत बसलं तर दिवसाला दोन हंडे होतील." मग मी थांबवणं सोडलं. कड टेकवायची, टकोरा मारायचा, थोडं डोळे मिटल्यासारखं करायचं आणि मान हलवायची. जाऊबाई जशी हलवत, हुबेहूब तशी. सोंग कोण करत होतं ते आता बघा.

वर त्यांचे हाल सुरू झाले होते. आता कुणी त्यांना मोठ्याने सांगत नव्हतं, खांद्याला हात लावून बोलावत नव्हतं. ऐकू येतंय ना, मग ऐकू दे. जेवायला हाक मारली आणि आल्या नाहीत तर पान झाकून ठेवत. नवरा बोलेनासा झाला होता. हे सगळं मी पाहत होते आणि मला बरं वाटत होतं, थोडं थोडं, जिभेवर आवळ्याची फोड ठेवल्यासारखं.

आता जे सांगायचं ते सांगते. दुपारची वेळ, हातोडे बंद, घरात आम्ही दोघीच. मी तांदूळ निवडत बसले होते. जाऊबाई पलीकडच्या खोलीत, दाराकडे पाठ करून लुगड्याला टाका घालत होत्या. त्यांची दीड वर्षाची मुलगी माझ्याच खोलीत झोळीत निजली होती. ती उठली, उतरायला गेली, आणि झोळीच्या दोरीत तिचा पाय अडकून ती उलटी लोंबली. डोकं जमिनीला टेकत होतं, लागलं नव्हतं, पण घाबरून किंचाळत होती. मी पाहिलं. मी उठायला गेले, आणि मग बसले. मनात म्हटलं, ऐकू येतंय तिला, येईल ती. आज तरी सोंग सोडून धावत येईल आणि सगळ्यांना दिसेल. मी तांदूळ निवडत राहिले. किती वेळ? मोजला नाही. पोर रडून रडून निळं पडलं, आवाज बसला. जाऊबाई सुईत दोरा ओवायला उजेडाकडे वळल्या तेव्हा त्यांना दिसलं. त्या अशा धावल्या की चौकटीवर त्यांचा खांदा आपटला. पोरीला उराशी घेतलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात तांदळाचं सूप होतं.

तेव्हाही मला पटलं नाही की त्यांना ऐकू येत नाही. हेवा माणसाला असा दगड करतो.

पुढे पंधरा-वीस दिवसांनी गावात नव्याने दवाखाना थाटलेले एक कानांचे डॉक्टर आमच्याकडे आले. मुंबईला शिकलेले, अंगात कोट, कपाळाला आठ्या. त्यांनी आमच्याकडून नेलेला आंघोळीचा बंब पाझरत होता. आतल्या नळीचा सांधा गेलेला, पाणी निखाऱ्यांवर पडून धूर झाला, आणि डॉक्टरांचे सासरे ऐन आंघोळीत थंड पाण्यात राहिले. तो बंब मी मान हलवून पास केला होता.

मामंजी शरमले. ओरडून म्हणाले, कारण हातोडे चालू होते, "आधी माझी थोरली सून बघायची. तिच्या हातून एक भांडं कधी परत आलं नाही. पण ती निघाली खोटारडी. बहिरी म्हणून सांगायची, आणि या आवाजात तिला सगळं ऐकू यायचं."

डॉक्टर बंब विसरले. "या आवाजात? आणि शांततेत नाही?"

"तेच तर."

"हळू बोलतात का त्या? बाळंतपणानंतर वाढलं का?"

मामंजींनी हातोडे थांबवले. जाऊबाईंना खाली बोलावलं, म्हणजे मी वर जाऊन त्यांच्या खांद्याला हात लावला. डॉक्टरांनी कारखान्यातल्या एका पोऱ्याला पाठवून दवाखान्यातून एक पोलादी चिमटा आणवला, दोन पायांचा. तो गुडघ्यावर आपटून त्यांनी जाऊबाईंच्या कानासमोर धरला. त्यांनी मान हलवली, नाही. मग त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला, आणि जाऊबाई दचकल्या. "येतंय," म्हणाल्या, "चांगलं येतंय."

डॉक्टरांनी आम्हाला समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते. कानाच्या आत बारीक हाडं असतात, ती हलली की आवाज पुढे जातो. जाऊबाईंचं त्यातलं एक हाड घट्ट बसत चाललं होतं, आणि बायकांना हे बाळंतपणाने वाढतं. त्यामुळे हवेतून येणारा आवाज त्यांना निम्माही पोचत नव्हता, पण डोक्याच्या हाडातून येणारा नीट पोचत होता. म्हणून स्वतःचा आवाज त्यांना मोठा वाटे आणि त्या हळू बोलत. म्हणून भांड्याची चीर कळे. आणि गोंगाटात? "गोंगाट त्यांना कमी ऐकू येतो," डॉक्टर म्हणाले, "पण गोंगाटात तुम्ही सगळे ओरडून बोलता. तुम्हाला कळत नाही, पण आत्ता तुम्ही सगळे ओरडतच बोलत होता. तेवढ्या आवाजात बोललं तर यांना ऐकू येतं. वर जाऊन तुम्ही साधं बोलता, तिथं येत नाही. बस, एवढंच."

दिवसभर ओरडणाऱ्या आमच्या घरात आपण ओरडतो हे एकालाही ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षांत नाही.

डॉक्टर खुशीत होते, त्यांना पुस्तकातली गोष्ट प्रत्यक्ष दिसली होती. ते म्हणाले, विलायतेतल्या एका वैद्याने फार पूर्वी लिहून ठेवलंय, की एका बाईला जवळ ढोल वाजत असला तरच नवऱ्याचं बोलणं ऐकू यायचं. त्या नवऱ्याने मग ढोल वाजवायला एक गडीच ठेवला. सगळे हसले. थोरले भाऊजी हसले नाहीत, त्यांनी बायकोकडे पाहिलं. आणि मी, इतकं सगळं होऊनही, काय मनात म्हटलं असेल? म्हटलं, माझ्यासाठी कुणी ढोलवाला ठेवला नसता.

दुसऱ्या दिवशी पाटावर जाऊबाई होत्या. कुणी त्यांची माफी मागितली नाही. आमच्याकडे ती पद्धत नव्हती. सासूबाईंनी त्यांच्या पानात जास्त तूप वाढलं, मामंजींनी पाट स्वतः पुसला, झालं. पण माझं काम तुपाने भागणारं नव्हतं. मला आठवडाभर झोप लागली नाही, आणि घास गिळताना झोळी दिसायची.

एका दुपारी हातोडे बंद असताना मी त्यांच्यापाशी जाऊन बसले. त्या मुलीच्या केसांना तेल लावत होत्या, नजर मुलीच्या डोक्यावर. मी बोलले. सगळं बोलले, पाटाचं, सोंगाचं, भावाचं खोटं नाव घेतल्याचं, झोळीचं. बोलून झाल्यावर त्या मान वर न करता म्हणाल्या, "खाली बोल. इथं मला ऐकू येत नाही."

मी मोठ्याने बोलू शकले असते. पण माझ्या लक्षात आलं की त्यांना ते नको होतं. खोटं जिथे बोलले होते, तिथेच खरं बोलायचं होतं मला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कारखान्यात उतरले. आठही हातोडे चालू. जाऊबाई पाटावर, भांड्याकडे तोंड करून. मी त्यांच्या मागे उभी राहिले आणि ओरडले, "जाऊबाई, मी चुकले. पोर रडत होती तेव्हा मला ऐकू येत होतं. मी तिथंच होते. मी मुद्दाम उठले नाही."

घरातली सून इतक्या जोरात बोलली हे ऐकून माणसं थबकली. एकेक हातोडा थांबला. पहिलं अर्धं बोलणं ठोक्यांत गेलं, आणि हातोडे थांबले तसा माझा आवाजही आपोआप खाली येऊन दुसरं अर्धं लख्ख शांततेत पडलं. थोरल्या भाऊजींनी ऐकलं. जिन्यात सासूबाई होत्या, त्यांनी ऐकलं. आळीतून जाणाऱ्या कुणीतरी आत डोकावून पाहिलं. सगळ्या नाशकाने ऐकलं असं मला वाटलं.

जाऊबाई वळून म्हणाल्या, "काय म्हणालीस? अर्धंच आलं."

मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. पण मी मामंजींकडे वळले आणि म्हटलं, "मामंजी, हातोडे थांबवू नका. चालू द्या."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी स्वतः हातोडा उचलला आणि समोरच्या हंड्यावर पहिला ठोका टाकला. मग भाऊजींनी. मग सगळ्यांनी. भिंती हलेपर्यंत थांबले आणि मग मी ते सगळं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं, एक शब्द न गाळता, माझ्या थोरल्या दिरांसमोर, त्यांच्या पोरीबद्दल.

जाऊबाईंनी हातातला गडू मांडीवर ठेवला. त्यांनी सगळं ऐकलं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. मग त्या माझ्याकडे बघून काहीतरी बोलल्या. दोन किंवा तीन शब्द, त्यांच्या त्या नेहमीच्या हळू आवाजात. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. मी वाकून कान पुढे केला. त्यांनी तेच पुन्हा म्हटलं, तेवढंच हळू, आणि गडू उचलून कानामागे टेकवला.

मी तिथे उभी राहिले, माझे तिखट कान घेऊन. वाटलं, वर गेल्यावर शांततेत विचारू. पण वर गेल्यावर त्या पुन्हा म्हणणार होत्या, इथं मला ऐकू येत नाही.